मदत हवी आहे: सोसायटीचा पूल आपला आपण सांभाळायला शिकायचं आहे

कांदिवलीची_सखी

नमस्कार मंडळी. कांदिवली पूर्वेला आमची सोसायटी आहे. पोडियमवर छोटा पूल आहे, १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद, उथळ टोकाला ०.९ आणि खोल टोकाला १.५ मीटर पाणी. उन्हाळ्यापर्यंत एक कंत्राटदार बघत होता. त्याचा माणूस यायचा, फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यात, क्लोरीनच्या गोळ्या टाकायचा, जाळी फिरवायचा आणि जायचा. पाणी गढूळ झालं की तुरटी. काय टाकलं, किती टाकलं असं विचारलं की "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका" हे ठरलेलं उत्तर. करार संपला आणि नवीन रक्कम कमिटीला परवडेना. पूल बंदच करून टाकावा असं काहींचं मत आहे. मला ते अजिबात पटत नाही. आमच्याकडे गुडघ्यांचं दुखणं असलेले आजी-आजोबा सकाळी पाण्यात चालतात, आणि मुलांना पोहायला दुसरीकडे नेणं सगळ्यांना जमत नाही.

आजची अवस्था: पाणी हिरवट आहे. सावलीकडच्या भिंतीला हात लावला की बुळबुळीत लागतं. खोल टोकाच्या तळाची जाळी दिसत नाही. पंपरूममध्ये एक किट सापडलं, त्यात पिवळाधमक रंग येतो, म्हणजे क्लोरीन भरपूर. मग शेवाळ कसं काय?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हाउसकीपिंगचे दोघं शिकायला तयार आहेत. एक जव्हारकडचा मुलगा आहे आणि एक झाडलोट करणाऱ्या मावशी. मावशींनी विचारलं, "ताई, माझ्या हातून कमी-जास्त पडलं तर पोरांना काही होईल का?" त्यांची भीती रास्त आहे. मला नुसतं "हे एवढं टाका" असं सांगायचं नाही, त्यांना ते समजायला हवंय. सुरुवात कुठून करू? तिघंही कोरी पाटी आहोत असं धरून सांगा.

घाटकोपरचा_सेक्रेटरी

सरळ पाणी काढा, टाइल्स घासून घ्या आणि नवीन भरा. डोक्याला ताप नाही.

कांदिवलीची_सखी

ऐन जूनमध्ये, धरणं भरायच्या आत, पालिकेचं पाणी पूलमध्ये सोडायला कमिटी तयार होणार नाही आणि मलाही ते बरं वाटत नाही. टँकरने भरायचं तर खर्च बघून पूल कायमचाच बंद होईल.

पंपरूम

ताई, पाणी सगळं काढू नका. रिकामा पूल उन्हात तापला की टाइल्स सुटतात. जमिनीतला पूल असेल तर पावसाळ्यात खालच्या पाण्याच्या दाबाने तळच उचलला जाऊ शकतो. तुमचा पोडियमवर आहे म्हणून ती दुसरी भीती नाही, पण टाइल्सची आहेच.

मी एका क्लबच्या फिल्ट्रेशन प्लांटवर होतो, आता निवृत्त आहे. हाताखाली बरीच नवी मुलं येऊन गेली, त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न वाचून बरं वाटलं. त्याकडे नंतर येतो.

आधी पूल बंदची पाटी लावा. तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसत नसेल तर कोणीही पाण्यात उतरायचं नाही. तळाला गेलेलं मूल हिरव्या पाण्यात दिसत नाही, एवढं कारण पुरे आहे. पंप मात्र चालू ठेवा. पाणी पडून राहिलं की डासांच्या अळ्या होतात आणि मग पालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस दारात.

त्या पिवळ्या किटवर जाऊ नका. ते एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं कामाचं किती आणि वापरून संपलेलं किती, हे त्यात कळत नाही. शिवाय जुनं किट, औषधाची मुदत कधीच गेलेली असणार. गुलाबी रंगाचं डीपीडी किट आणा. त्याबरोबर पीएच (पाणी किती आम्लधर्मी), अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) आणि सायन्युरिक ॲसिड मोजायचंही घ्या. शेवटचं नाव नवीन वाटेल, पण माझा संशय तिथेच आहे. फिल्टरच्या गेजवर प्रेशर किती आहे आणि बॅकवॉशनंतर, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टरची वाळू धुतल्यावर, किती होतं, तेही लिहा.

तोवर एक चिमूटही काही टाकू नका. गोळ्यांचा फ्लोटर बाहेर काढा.

कांदिवलीची_सखी

काका, मनापासून आभार. किट आलं. तिघांनी मिळून मोजलं. क्लोरीन २, पीएच ६.८, अल्कलिनिटी ४०. सायन्युरिकच्या नळीत पाणी ओतत गेलो, तर १०० च्या पहिल्याच रेघेला तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला. प्रेशर दीड किलो होतं, बॅकवॉश केल्यावर ०.८ वर आलं.

पंपरूम

ठिपका पहिल्याच रेघेला गेला म्हणजे खरा आकडा १०० च्या वर आहे. पूलचं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळून परत मोजा, आलेल्या आकड्याची दुप्पट करा.

कांदिवलीची_सखी

७५ आलं. म्हणजे १५०.

पंपरूम

सापडलं. आता नीट सांगतो, हे मावशींनाही वाचून दाखवा.

तुमच्या गोळ्यांना बाजारात टीसीसीए म्हणतात. त्यातून क्लोरीन सुटतं आणि मागे सायन्युरिक ॲसिड राहतं. हे ॲसिड थोडं असेल तर चांगलंच, उन्हापासून क्लोरीन वाचवतं. पण ते उडून जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही आणि सहसा संपतही नाही. गोळ्यांनी पाण्यात १० पीपीएम (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन घातलंत की त्यासोबत साधारण ६ पीपीएम सायन्युरिक येतं. मुंबईत पाणी बदलायची चैन कोणाला परवडते? वर्षानुवर्षं तेच पाणी आणि त्याच गोळ्या, म्हणून आकडा चढत जातो. ते जितकं जास्त, तितकं क्लोरीन त्याला बांधलेलं राहतं. शेवाळ रोखायला क्लोरीन सायन्युरिकच्या साधारण साडेसात टक्के तरी लागतं. म्हणजे तुमच्या १५० ला ११ च्या वर. तुमच्याकडे आहे २. क्लोरीन आहे, पण त्याचे हात बांधलेत. गोळ्या आम्लधर्मी असतात, म्हणून पीएच आणि अल्कलिनिटीही खाली आलीय.

उपाय एकच, त्यातलं काही पाणी काढून नवीन घालणं. आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे, कारण पावसाळा लागलाय. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी २ मीटरच्या वर पाऊस पडतो. तुमच्या पूलची सरासरी खोली १.२ मीटर. जोराच्या पावसाचा अंदाज आला की मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरचा पाण्याची वाट बदलणारा दांडा) 'वेस्ट'वर, म्हणजे बाहेर सोडण्यावर, लावून ४० सेंटिमीटर पाणी काढा, म्हणजे एक तृतीयांश. पावसाने पूल भरू द्या. पुरेसा भरला की पुन्हा तेच. १५० चे १०० होतील, मग ६७, मग ४५ च्या आसपास. ४५ ला थांबा. पातळी खाली असताना स्किमरची (वरचं पाणी आणि कचरा ओढणाऱ्या तोंडाची) लाइन बंद ठेवा आणि पंप फक्त तळाच्या जाळीवरून चालवा, नाहीतर तो हवा ओढेल. काढलेलं पाणी पार्किंग धुवायला वापरा, झाडांना नको.

चेंबूरकर

धाग्यात डोकावतोय. आमच्या पूलला क्लोरीनचा उग्र वास येतो आणि मुलांचे डोळे चुरचुरतात. म्हणजे क्लोरीन जास्त झालं ना?

पंपरूम

बहुतेक वेळा उलटं असतं. घाम, तेल, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतं. उग्र वास त्याचा, डोळेही तेच चुरचुरवतं. डीपीडीची पहिली गोळी मोकळं क्लोरीन दाखवते, तिसरी एकूण. दोन्हींतला फरक ०.५ च्या वर असेल तर पाणी थकलंय. आणि पाण्यात उतरण्याआधी साबण लावून शॉवर सक्तीचा करा. दादरच्या महात्मा गांधी तलावावर काय किंवा तुमच्या सोसायटीत काय, हा नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे.

कांदिवलीची_सखी

काका, पाऊस आमच्या बाजूने होता. तीन खेपा पूर्ण झाल्या, सायन्युरिक ४५. पाणी अजून हिरवट आहे. आता?

पंपरूम

शाबास. आता भिंती घासा, सावलीकडची जास्त. मग हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पातळ क्लोरीन.

तुमचा पूल १२ गुणिले ५ गुणिले १.२, म्हणजे ७२ घनमीटर, ७२,००० लिटर. हा आकडा पंपरूमच्या दारावर रंगवून टाका, सगळा हिशेब त्यावर आहे. १ पीपीएम वाढवायला ७२ ग्रॅम क्लोरीन लागतं. १० टक्क्यांच्या ताज्या हायपोच्या लिटरमध्ये साधारण १०० ग्रॅम असतं, म्हणजे १ पीपीएमला पाऊण लिटर. शेवाळ मारायला १५ पर्यंत न्या, साधारण ११ लिटर. सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून, काठाकाठाने बेताने ओता. हायपो ताजाच आणा. उन्हात ठेवलेल्या कॅनचा दम मुंबईच्या उकाड्यात झपाट्याने जातो.

रात्री मोजा, पहाटे मोजा. रात्रीत १ पेक्षा कमी उतरलं, पाणी आरपार दिसलं आणि वास गेला, की शेवाळ मेलं. तोवर रोज जेवढं उतरलं तेवढीच भर, परत १५ पर्यंत. एक सावधगिरी: क्लोरीन १० च्या वर गेलं की डीपीडीचा गुलाबी रंगच उडून जातो आणि नळी कोरी दिसते. कोरी दिसली म्हणून कोणी आणखी ओतू नये. डिस्टिल्ड वॉटर निम्मं मिसळून बघायचं आणि दुप्पट करायचं.

मेलेलं शेवाळ फिल्टरमध्ये येईल, प्रेशर चढेल. स्वच्छ फिल्टरचं तुमचं प्रेशर ०.८, ते १.३ ते १.४ झालं की बॅकवॉश. रोज उठून करू नका, थोडी मळलेली वाळू उलट चांगली गाळते.

अल्कलिनिटी पावसाने आणखी उतरली असेल. खाण्याचा सोडा चालतो. ७२ घनमीटरला १० पीपीएम वाढवायला सव्वा किलो. ८० पर्यंत आणा, दोन दिवसांत विभागून. मग पीएच ७.२ ते ७.८ मध्ये राहील.

आता शिकवण्याचं. पहिल्या आठवड्यात त्या दोघांना औषधाला हातच लावू देऊ नका. पंपाची जाळी काढून साफ करणं, गेज वाचणं आणि वहीत लिहिणं, एवढंच. गेजचा काटा रोज बघितला की पाणी बिघडायच्या आधी कळायला लागतं. हा अंदाज सांगून येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मोजणी. पाणी वरून घ्यायचं नाही. नळी उलटी धरून कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तिथे सुलटी करायची. नव्या पाण्याचा इनलेट जवळ नको. थेंब पाडताना बाटली सरळ उभी, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. रंग बघताना नळी डोळ्यांच्या पातळीला, पाठीमागे पांढरा कागद आणि प्रकाश दिवसाचा. ट्यूबलाइटखाली गुलाबी रंग फसवतो. दोघांनी एकाच पाण्याचं वेगवेगळं मोजून वहीत लिहायचं, एकमेकांचं न बघता. आकडे जुळायला लागले की त्यांचे हात बसले.

मग व्हॉल्व्ह. पंप बंद, प्रेशर शून्य, मगच दांडा दाबून फिरवायचा. चालू पंपावर फिरवला तर आतलं चांदणीच्या आकाराचं रबर फाटतं. बॅकवॉश झाला की 'रिन्स'वर अर्धा-एक मिनिट, मग 'फिल्टर'. हे तुम्ही करून दाखवू नका. तुम्ही शेजारी उभ्या राहा, दांडा त्याच्या हातात. तो थांबला, अडला, तरी लगेच बोलू नका. त्याला आठवू द्या. मी क्लबमध्ये ज्यांना घाईने शिकवलं ते मला विचारतच राहिले, ज्यांना वेळ दिला ते नंतर मला सांगायला लागले.

डोस सगळ्यात शेवटी. आणि मावशींना सांगा, ज्या माणसाला "पोरांना काही होईल का" हा प्रश्न पडतो त्याच्याच हातात मी हायपोचा कॅन द्यायचो.

कांदिवलीची_सखी

मावशींना वाचून दाखवलं. खूप वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "काकांना विचारा, गोळ्या आणि हायपो एकाच कपाटात ठेवले तर चालतील का?"

पंपरूम

अगदी नेमकं विचारलं. नाही चालणार. तीन गोष्टी भिंतीवर मोठ्या अक्षरात मराठीत आणि हिंदीत लिहा. हायपो आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि गोळ्याही आम्लधर्मीच, म्हणून हायपो एका टोकाला आणि या दोन्ही त्याच्यापासून लांब. टीसीसीएच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एकमेकांना लागली तर आग लागते, अगदी एकाच चमच्यानेसुद्धा. त्यामुळे प्रत्येकाचा चमचा आणि बादली वेगळी. आणि औषध पाण्यात घालायचं, पाणी औषधावर कधीच नाही. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. पंपरूम बेसमेंटमध्ये असेल तर ही सामग्री तिथे ठेवूच नका. हवा खेळत नाही, आणि क्लोरीनच्या वाफेने इलेक्ट्रिक पॅनेल गंजतं. पंपाला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, तेही वायरमनकडून तपासून घ्या.

कांदिवलीची_सखी

काका, काल संध्याकाळी क्लोरीन ४ वर उतरलं, पीएच ७.४, अल्कलिनिटी ८०. खोल टोकाची जाळी काठावरून दिसते, तिचे स्क्रूसुद्धा. मुलाने आणि मावशींनी वेगवेगळं मोजलं, दोघांचं सारखं आलं. आजपासून आजी-आजोबांची बॅच सुरू. उरलेल्या गोळ्यांचा एक डबा आहे, टाकून देऊ का?

पंपरूम

टाकू नका. रोजचं काम हायपोवर चालवा, क्लोरीन साडेतीनच्या (म्हणजे सायन्युरिकच्या साडेसात टक्क्यांच्या) खाली जाऊ देऊ नका, संध्याकाळी साधारण दीड लिटर लागेल. ऊन-पावसाप्रमाणे वही सांगेल तसं कमी-जास्त करा. गोळ्या गणपतीसाठी ठेवा. दोघं गावाला गेले की त्या दिवसांपुरता फ्लोटर लावायचा, ते परतले की काढायचा आणि सायन्युरिक मोजायचं. ७० च्या पुढे जायला लागलं की पाणी बदलायला पुढच्या पावसाची वाट बघायची.