अनुभव धागा : तुमच्याही घरी असा एखादा काका, मामा होता का?

महालची लेक
आज तान्हा पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांच्या लाकडी बैलांचा सण. सकाळी परात काढायला माळ्यावर चढले अन् परातीमागे माझा नंदी सापडला. वीतभर उंच, लाकडी, एक शिंग अर्धं तुटलेलं. मागच्या उजव्या चाकाच्या जागी कॅरमचा स्ट्रायकर. मी दहा मिनिटं शिडीवरच बसून राहिले.

तो स्ट्रायकर धाकट्या काकाचा. नागपूरच्या महालात आमचा वाडा होता, तीन बिऱ्हाडं आणि अकरा पोट्टे. काकाला स्वतःचं मूल नव्हतं. पोळ्याच्या पाडव्याला तो ऑफिसातून सुट्टी टाकायचाच. सकाळी अकराही जणांना एकमेकांच्या शर्टाचं टोक धरायला लावून इतवारीत न्यायचा, नेहरू पुतळ्यापाशी. काळी अन् पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवणुकीत तिथंच भेटतात. गर्दीत एकेकाला खांद्यावर घ्यायचा आणि म्हणायचा, ज्याले जे नको असंल ते ओरडा. मी ओरडले, "गणित घेऊन जा गे मारबत!" तर हा माझ्याहून जोरात, "अन् भूमितीबी घेऊन जा!" आजूबाजूची दहा-बारा अनोळखी माणसंही मग भूमितीच्या नावानं ओरडायला लागली.

मी चौथीत असताना ऐन संध्याकाळी नंदीचं चाक तुटलं. बाकीचे नंदी घेऊन घरोघरी बोजारा (पोरांना मिळणारे पैसे, खाऊ) मागायला निघालेले, मी ओट्यावर रडत बसलेली. काकानं घरातून स्ट्रायकर आणला, सळई तापवून भोक पाडलं, बसवून दिला. कॅरम म्हणजे त्याचा जीव. पुढं कितीतरी महिने तो औषधाच्या बाटलीच्या झाकणानं खेळला, आणि जिंकायचाही.

त्याला जाऊन 3 वर्षं झाली. घरी त्याचा विषय निघाला की शेवटचं आजारपणच निघतं. दवाखाना, रिपोर्ट, कोण किती वाजता पोचलं. मला ते आता नको आहे. साठ वर्षं तो आम्हाला हसवत होता, ते कोणी बोलतच नाही. तुम्ही तुमच्या काका-मामांचं सांगा ना. मजेचं.

धंतोलीकर
मामा. 31 ऑक्टोबर 1987, सिव्हिल लाइन्सचं स्टेडियम, वर्ल्ड कप, न्यूझीलंड. मला पोटात दुखतं म्हणून शाळेतून त्यानंच काढलं. सोबत पुऱ्या अन् बटाट्याची भाजी. मी म्हटलं तहान लागली, तर बिचारा पाणी आणायला उठला आणि तेवढ्यात चेतन शर्मानं लागोपाठ तीन दांड्या उडवल्या! वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक, मामा नळाच्या रांगेत. नंतर गावसकरचं शतक मात्र डोळे भरून पाहिलं, वनडेतलं त्याचं एकुलतं एक.
पुढची तीस वर्षं प्रत्येक लग्नात मामा ती हॅटट्रिक सांगायचा. बॉलरची धाव, स्टंप कसा उडाला, सगळं हातवारे करून. सांगताना माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायचो, "हो, आम्ही दोघांनी पाहिली." एकदाही मोडलं नाही मी. माझ्यासाठी पाणी आणायला गेला होता ना तो.

सदरची ताई
धंतोलीकर, शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी पोळीवर आहे, नंतर लिहिते.

झणझणीत
आमचे मामाजी. पटकन लिवतो, दुकानात गिऱ्हाईक हाये. हिवाळ्यात वावरात रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, असायचे. गोवऱ्या पेटवणं, रोडगे भाजणं, वांग्याची भाजी, सारं मामाजीच करत. बायांना त्या दिवशी चुलीला हात लावू देत नसत. एका रोडग्यात अख्खी हिरवी मिरची लपवायचे. ज्याच्या वाट्याला येईन त्यानं उभं राहून झडती, म्हणजे पोळ्यातलं गाणं, म्हणाची. एका वर्षी मिरची आली नव्या जावयाले. माणूस काही बोललाच नाही, तुपात बुडवून पूर्ण खाल्ला, डोळे लाल, अन् म्हणते, "अजून एक वाढा." मामाजींनी भर पंगतीत त्याले मिठी मारली. मंग सांगत फिरले, पोरगी बराबर घरी पडली म्हणून.
आलो थांबा

खामल्याची सून
मी सांगलीकडची. लग्न होऊन मेमध्ये इथं आले, 45 डिग्री, कूलरसमोरून हलेना. काकासासरे नॅरोगेज रेल्वेवर नोकरीला होते. मला करमत नाही हे सगळ्यांत आधी त्यांना कळलं. रोज संध्याकाळी अंगणात पाणी मारून खाट टाकायचे आणि छिंदवाडा गाडीचे किस्से सांगायचे. म्हणे गाडी इतकी हळू, की पुढच्या डब्यातून उतरायचं, बोरं तोडायची, मागच्या डब्यात चढायचं. मी खरं मानून माहेरी सांगितलं!
2015 मध्ये ती गाडी बंद झाली तेव्हा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग मोतीबागच्या रेल्वे म्युझियममध्ये नातवंडांना घेऊन जायचे ते थेट इंजिनासमोर उभे राहून भाषण. अनोळखी लोकही ऐकत थांबायचे. मला या गावात पहिलं माणूस ते मिळालं.

महालची लेक
@खामल्याची सून, बोरांचं आमचा काकापण सांगायचा!! अख्ख्या नागपूरचा किस्सा दिसतोय.

झणझणीत
हव, आमच्या इकडं सीताफळं तोडत

संत्रानगरी
मजेचं विचारलंय, पण माझं थोडं वेगळं आहे. वाटणीवरून बाबा आणि काका बोलत नव्हते. काका काटोलला, आम्ही इथं. तरी दर डिसेंबरला अंबिया बहाराची संत्री यायची, कोणाच्या तरी हाती, चिठ्ठी नाही काही नाही. फक्त एका संत्र्यावर पेननं तोंड काढलेलं असायचं. डोळे, मिशी, कधी चष्मा. आम्ही भावंडं ते शेवटपर्यंत ठेवायचो. एका वर्षी संत्र्याला दोन शेंड्या अन् पुढचा एक दात पडलेला. माझा दात पडल्याचं त्याला कुठून कळलं होतं, देव जाणे.
बाबा त्या संत्र्यांना हात लावायचे नाहीत. बाबा गेल्यावर त्यांचा खण आवरला तेव्हा कागदात गुंडाळलेली वाळकी साल निघाली. तिच्यावर मिशी होती, अजून दिसत होती.
मी ती काकाला नेऊन दाखवली. बराच वेळ हातात धरून बसला. मग म्हणाला, "मिशी जराशी मोठी झाली होती का बे?"

सदरची ताई
काय लिहू यावर. पोळी करपली माझी.

धंतोलीकर
काका आहेत का अजून?

संत्रानगरी
आहे ना! 84. मोतीबिंदू झालाय, तरी अजून तोंडं काढतो. आता डोळे गालावर येतात.

सदरची ताई
मग या डिसेंबरला तुम्ही काढून पाठवा एक त्यांना.

संत्रानगरी
हो. पाठवतोच.

नवीन_इथे
रोडग्याला कणीक कशी मळायची? किती जाड ठेवायचं? दरवेळी आतून कच्चे राहतात. वीस जणांचं करायचंय.

झणझणीत
घट्ट मळा, तेलाचं मोहन घालायला विसरू नका. थर लावून गोळा करा, अन् जाळात नाही, इंगळावर भाजा, घाई करू नका. मिरची एकाच रोडग्यात!

खामल्याची सून
महालची लेक, आईंचा गुडघा कसा आहे? मागं म्हणाला होतात.

महालची लेक
बरा आहे, जिना चढते आता. हा धागा आईला वाचून दाखवला. म्हणाली, झाकणानं खेळायचा ते खरं, पण ते झाकण तिच्या खोकल्याच्या औषधाचं होतं आणि बाटली उघडीच राहून औषध वाया गेलं होतं. इतक्या वर्षांनी तिनं काकाला रागे भरून घेतलं, मग किती तरी वेळ हसत होती. आजारपणाचा शब्द निघाला नाही.

आत्ता शेजारची पाच वर्षांची पोर आली होती बोजारा मागायला. तिच्याकडं प्लास्टिकचा नंदी. माझ्या नंदीला तेलाचा हात फिरवून, गळ्यात झेंडूची माळ घालून दिला तिला ओढायला. रस्त्यानं अजून आवाज येतोय. तीन चाकं खडखड करतात, स्ट्रायकर नाही करत.