कमरेच्या पिस्तुलाला सेफ्टीचा खटका हवाच, की सांभाळून हाताळलं की पुरे?

फोंडेकर
आत्मसंरक्षणाचं लायसन्स झालंय, .३२ बोअरचं पिस्तूल घ्यायचंय. दोन नजरेत आहेत. एक सिंगल ॲक्शन, फ्रेमवर डाव्या बाजूला सेफ्टीचा खटका. दुसरं डबल ॲक्शन, त्याला खटकाच नाही. दुकानदार म्हणतो, "चाप जड आहे, तीच सेफ्टी." घरचे म्हणतात, लॉक नसलेलं हत्यार नकोच. रात्री दुकान बंद करून गल्ला घेऊन स्कूटरने घरी येणं, एवढाच वापर. जाणकारांनी सांगावं.

काजूमळा
फोंडेकरबाब, आधी चाप बघा, खटक्याचं नंतर.

सिंगल ॲक्शनमध्ये घोडा, म्हणजे मागून टोला मारणारा भाग, आधीच चढवलेला असतो. चापाने तो फक्त सोडायचा. त्याला साधारण २ ते २.५ किलोचा दाब लागतो आणि ओढही अगदी आखूड. असं पिस्तूल चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते ती जागा) गोळी ठेवून कमरेला लावायचं तर खटका हवाच, तिथे वादाला जागा नाही. डबल ॲक्शनला तोच चाप घोडा मागे नेतो आणि सोडतोही. दाब ४.५ ते ५.५ किलो, ओढ लांब. चुकून बोट लागलं म्हणून ते सहसा सुटत नाही. दुकानदार तेवढं खरं बोलला.

अर्धवट इथे बोलला: डबल ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीला, की फक्त पहिल्या? पहिल्यापुरतंच असेल तर पहिल्या बारानंतर घोडा चढलेलाच राहतो आणि चाप सिंगल ॲक्शनइतका हलका होतो. मग घोडा उतरवायचा डीकॉकर त्यावर आहे का? नसेल तर अंगठ्याने घोडा धरून चाप दाबत उतरवावा लागतो. घामेजल्या हाताने ते काम करू नये. असं पिस्तूल घेऊच नका.

खटका नेमकं काय अडवतो तेही विचारा. काहींत तो फक्त चाप अडवतो. धक्का बसून आतली पकड सुटली तर घोडा पडायचा तो पडतोच. फायरिंग पिन (काडतुसावर आदळून बार उडवणारी सुई) अडवणारी आपोआप चालणारी सेफ्टी आत असेल, तर हातातून पडल्यावर तीच वाचवते, खटका नव्हे. २०१७ मध्ये सिग कंपनीचं पी३२० पिस्तूल ठरावीक कोनात पडल्यास सुटू शकतं असं दिसल्यावर कंपनीने फुकट दुरुस्ती देऊ केली, तीही चाप आणि आतल्या भागांची होती.

मांडवीपलीकडे
वरचं सगळं मान्य. पण पिस्तूल नुसतं कमरेला असताना सुटत नाही, सुटतं ते होल्स्टरमध्ये परत घालताना. शर्टाचं टोक, विंडचीटरची दोरी आणि तिचा प्लास्टिकचा गोळा चापाभोवतीच्या कडीत शिरतो, वरून आपण दाबत असतो. आपल्याकडे शर्ट बाहेर सोडायची सवय आणि चार महिने पाऊस, त्यामुळे हे फार जपायला हवं.

त्यात चामड्याचं होल्स्टर. जून-जुलैत ते ओलं राहून बुरशी धरतं आणि मऊ पडतं. तोंडाची कड आत दुमडते आणि पिस्तूल घालताना तीच चापावर येते. बाहेरून काही दिसत नाही. रिकाम्या होल्स्टरचं तोंड दोन बोटांनी दाबून पाहा. सोडल्यावर ते आपसूक उघडं राहिलं नाही तर होल्स्टर बाद, शिवून-बिवून घेऊ नका. कायडेक्ससारखं कडक प्लास्टिक बरं, चापाची कडी पूर्ण झाकणारं.

घालताना शर्ट दुसऱ्या हाताने छातीपर्यंत वर, चापाचं बोट फ्रेमवर सरळ, नजर होल्स्टरच्या तोंडावर. घोडा बाहेर असेल तर त्यावर अंगठा टेकवा. चाप कशात अडकला आणि घोडा हलू लागला तर अंगठ्याला लगेच कळतं. घाई कसली? बाहेर काढताना असते एकवेळ, आत घालताना कधीच नसते.

आणि स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.

नेमबाज_म्हापसा
खटकावाल्यांना एकच सांगणं, महिन्यातून एकदा तपासा. खारी हवा आणि घाम यांनी खटक्याखालची बारीक स्प्रिंग गंजते. तेल फार घातलं तर ते कपड्याचे तंतू धरून घट्ट होतं. मग खटका अर्ध्यावरच थांबतो आणि आपल्याला वाटतं लागला.

पिस्तूल रिकामं केल्याची खात्री करा. स्लाइड (वरचा सरकणारा भाग) ओढून घोडा चढवा, खटका लावा, चाप जोराने दाबा आणि सोडा. आता चापाला हात न लावता खटका काढा. त्या क्षणी घोडा पडला तर आतले भाग झिजलेत. लायसन्सधारी कारागिराकडेच न्या, कानस घेऊन बसू नका.

खटक्याची दिशाही बघा. १९११ जातीच्या पिस्तुलांत खटका खाली केला की बार करता येतो, वॉल्थर पीपीत खाली केला की सेफ होतं. घरात दोन्ही असली तर ऐन वेळी अंगठा चुकणारच.

रिकामं करताना क्रम असा: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड तीनदा ओढा, उघडी अडकवा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा. उलट केलं, म्हणजे मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते. मग मॅगझीन काढून लोक "रिकामं" म्हणत चाप दाबतात. निवडणुकीच्या वेळी हत्यार पोलीस स्टेशनात जमा करायला नेताना हा घोळ घरीच निस्तरून जा, तिथल्या टेबलावर नको. लायसन्ससाठी २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सुरक्षित हाताळणीचं, एस-१ फॉर्मचा दाखला मिळतो ते प्रशिक्षण घेतलंच असेल. तिथे हे शिकवतात, पण सवय घरीच लावावी लागते.

फोंडेकर
आभार सगळ्यांचे. मग चेंबर रिकामं ठेवून फक्त मॅगझीन भरलेलं ठेवलं तर? आणि एका नातेवाइकांकडे आजोबांचं पोर्तुगीज काळातलं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल आहे, .३२ चंच, लायसन्स वारसाच्या नावावर झालंय. ते वापरता येईल का असं ते विचारतात.

काजूमळा
रिकामं चेंबर सगळ्यात सुरक्षित, फक्त काढल्यावर स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत. एका हातात गल्ल्याची पिशवी असेल तर जमत नाही. तुमच्या वापराला मी प्रत्येक गोळीला डबल ॲक्शन, पिन अडवणारी सेफ्टी असलेलं आणि कडक होल्स्टर सुचवेन. घरच्यांना सांगा, घरातल्या पोरांपासून खटका वाचवत नाही, त्याला कुलपाची पेटी लागते. आणि रोज तीच गोळी चेंबरमध्ये घालू-काढू नका. शिसं काडतुसाच्या पितळी नळीत आत दबतं आणि बार होताना दाब वाढतो. गोळी आखूड दिसली तर बाजूला काढा.

सॅव्हेज चेंबर भरून बाळगू नये. पोर्तुगीज सैन्याने ती पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतून घेतली होती. मागे जो घोडा दिसतो तो घोडा नाही, आतल्या पिनला जोडलेला खुंट आहे. भरलेल्या चेंबरवर तो खाली सोडला की पिनचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकून राहतं. मागून टोला बसला की बार. शंभर वर्षांच्या स्प्रिंगा आहेत त्या. वारसाने रिकामं करून, तेलाचा हलका हात देऊन पेटीत ठेवावं. सुती कापडात गुंडाळू नये, पावसाळ्यात ते ओल धरतं.