फुटबॉलच्या पंचाने जीपीएस घड्याळ कसे वापरावे? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी कोल्हापुरात गेली सहा वर्षे स्थानिक फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. सामन्यात आपले धावणे किती होते आणि नाडीचे ठोके कुठवर जातात हे कळावे, म्हणून मी दिवाळीत धावपटूंसाठीचे एक जीपीएस घड्याळ घेतले आणि जुने साधे घड्याळ घरी ठेवून वेळही त्याच्यावरच पाहू लागलो.

गेल्या आठवड्यातील सामन्यात एक बचावपटू जखमी झाला, तेव्हा स्ट्रेचर येईपर्यंत मी त्याच्या शेजारी उभा होतो; पुढे फ्री किकसाठी खेळाडूंची भिंत मागे घेतानाही थांबावे लागले. पूर्वार्धाच्या अखेरीस सहायक पंच आमच्या ठरलेल्या खुणेप्रमाणे चड्डीवर मूठ टेकवून पंचेचाळीस मिनिटे झाल्याचे सांगत होता आणि माझ्या मनगटावर मात्र ४१ मिनिटे ५० सेकंद दिसत होते. घरी आल्यावर उलगडा झाला. धावपटू सिग्नलला थांबला की वेळमोजणी आपोआप थांबावी अशी ‘ऑटो पॉज’ नावाची सोय त्यात चालू होती. फुटबॉलचे घड्याळ तर कुणासाठीच थांबत नाही. वाया गेलेला वेळ अर्धाच्या शेवटी भरून द्यायचा असतो आणि तो ठरवण्याची जबाबदारी पंचाचीच असते.

ती सोय आता बंद केली आहे, परंतु दोन अडचणी उरल्या आहेत. वाया गेलेला वेळ याच घड्याळावर वेगळा मोजता येतो का? घामाने ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही. शिवाय अंतरावर कितपत विश्वास ठेवावा? चारशे मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमधून दहा फेऱ्या मारल्या, तर घड्याळाने ४.१४ किलोमीटर दाखवले.

प्रतिसाद

पंचसाहेब, वेळेसाठी दोन घड्याळे ठेवावीत. एक पहिल्या शिट्टीपासून अखंड चालू द्यावे आणि दुसरे, शक्यतो बटणाचे, खेळ खोळंबला की थांबवावे. दोहोंतील फरक समोर दिसत असला, की भरपाईची मिनिटे ठरवताना बाकावरच्या आरडाओरड्याकडे लक्ष द्यावे लागत नाही. जीपीएसचे घड्याळ केवळ नोंदीसाठी असू द्यावे, त्याचा पडदा लॉक करावा आणि मध्यंतराला नोंद बंद न करता ‘लॅप’चे, म्हणजे नवा टप्पा वेगळा नोंदवणारे, बटण दाबावे.

अंतराचे म्हणाल, तर नोंद दर सेकंदाला होईल अशी सेटिंग करावी. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमध्ये नोंदलेल्या जागांचे बिंदू विरळ पडतात आणि पंचाची छोटी, झटपट वळणे सरळ रेषेत कापली जातात. उपग्रहांचा संकेत स्थिर झाल्यावरच मैदानात उतरावे. इतके करूनही प्रत्येक बिंदूत काही मीटरची चूक राहतेच, त्यामुळे एका सामन्याचा आकडा धरून न बसता आपल्याच सामन्यांची आपसांत तुलना करावी. मला स्वतःला आकड्यापेक्षा नकाशा अधिक उपयोगी वाटतो, कारण आपण मैदानाच्या कर्णरेषेवर धावलो की मधल्या वर्तुळातच घुटमळलो हे तो लपवत नाही. ठोक्यांसाठी छातीचा पट्टा बरा. वेग एकदम बदलला की मनगटावरचा सेन्सर मागे पडतो.

आणखी एक, फुटबॉलच्या नियमावलीतील पंचाविषयीच्या पाचव्या नियमानुसार असे उपकरण पंचाला वापरू देता येते, तरीही सामन्याआधी आयोजकांना विचारून ठेवावे.