शिष्यवृत्तीची रक्कम हाती येईपर्यंत: आपले अनुभव लिहा

शिष्यवृत्तीची पात्रता आणि कागदपत्रे यांवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु अर्ज भरल्यापासून रक्कम हाती येईपर्यंतचे महिने विद्यार्थी कसे काढतो, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. माझ्या अध्यापनाच्या काळात शिक्षण सोडलेली बहुतेक मुले याच महिन्यांत गळाली. ज्यांनी हे दिवस काढले किंवा इतरांना काढू दिले, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त लिपिक, मराठवाडा

मी अठरा वर्षे शिष्यवृत्तीच्या टेबलावर होतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असे डिसेंबर 2020 मध्ये ठरले आणि पुढे केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. त्यातले शुल्क विद्यार्थ्याने स्वतः महाविद्यालयात भरायचे असते. कागदावर हे रास्तच आहे. पण ज्या घरात दहा-बारा हजार रुपये एकरकमी कधी दिसत नाहीत, तिथे ते खात्यावर पडून राहतील अशी अपेक्षा कोणी धरावी?

बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीच्या वडिलांनी त्या पैशांतून बियाण्यांची आणि फवारणीची उधारी फेडली. मुलगी महिनाभर आलीच नाही, कारण शुल्क थकले होते आणि वर्गाकडे जाणारा जिना आमच्या खिडकीसमोरूनच होता. मी प्राचार्यांकडून चार हप्ते लिहून घेतले, परीक्षेचा अर्ज बाजूला काढून ठेवला आणि तिच्या मैत्रिणीबरोबर निरोप धाडला. ती आली, पण पहिले दोन दिवस मागच्या दाराने.

दुसरी गोष्ट खात्याची. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. एक मुलगा तीन महिने एका बँकेत पासबुक भरून घेत होता आणि शिल्लक 212 रुपयांवरून हलत नव्हती. त्याचे पैसे दुकानदाराच्या सांगण्यावरून उघडलेल्या, तो विसरूनही गेलेल्या दुसऱ्याच खात्यात पडले होते. तेव्हापासून मी अर्ज तपासण्याआधी आधारला कोणते खाते जोडलेले आहे, हे मुलांना माझ्यासमोर पाहायला लावत असे.

माजी विद्यार्थी, पुणे

पहिल्या वर्षी मला शासकीय वसतिगृह मिळाले नाही. ‘कमवा व शिका’ योजनेतून ग्रंथालयात रोज तीन तास काम केले. त्या मानधनात खोलीचे भाडे भागत असे, जेवणाचे भागत नसे. खाणावळीच्या मावशींनी वहीत माझ्या नावापुढे तारखेऐवजी ‘स्कॉलरशिप आल्यावर’ असे लिहून ठेवले होते आणि सात महिने त्याविषयी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या वर्षापासून स्वाधार योजना मिळाली; शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचा खर्च देणारी ही राज्याची योजना. तेव्हा पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये होते: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. या योजनेची माहिती मला कोणत्याही कार्यालयाने नव्हे, तर ग्रंथालयात शेजारी बसून पुस्तकांवर लेबले चिकटवणाऱ्या एका सीनियरने दिली. पहिली रक्कम आली, त्याच संध्याकाळी मावशींची उधारी चुकती केली.

एक पालक, सांगली जिल्हा

2024-25 पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्याऐवजी पूर्ण शिक्षणशुल्क माफ झाले. आमच्या मुलीचा अभियांत्रिकीचा मोठा भार उतरला. राहिला तो बसचा पास, ड्रॉइंगचे साहित्य आणि मेस. एवढ्यासाठीच तिने ‘घरूनच परीक्षा देऊ का?’ असे विचारले होते.

प्राध्यापिका, विदर्भ

आमच्या विभागातील सहा जणांनी दरमहा पाचशे रुपये काढून एक छोटी गंगाजळी ठेवली आहे. परीक्षाशुल्क, एस.टी.चा पास किंवा चष्मा, एवढ्याचसाठी ती वापरतो. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. प्रारंभी आम्ही तो मागत होतो आणि खरी गरज असलेलीच मुले त्यामुळे मागे फिरत होती. आता सलग चार दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाला आम्हीच फोन करतो. परतफेड शिष्यवृत्ती आल्यावर, जमेल तशी. हिशोबाच्या वहीत नावे नाहीत, फक्त हजेरी क्रमांक आहेत, आणि ती वही प्रयोगशाळेच्या कपाटात ब्यूरेटच्या खोक्यामागे असते.