मदत हवी आहे: सर्व्हर कमी केले, वीज वाचली, तरी पीयूई वाढला

सर्व्हररूम_सातारा: मंडळी, उद्या सकाळी मीटिंग आहे, लवकर सांगा. जुने सर्व्हर व्हर्च्युअलाइज करून, म्हणजे अनेकांचं काम थोड्या मशीनवर आणून, बरेचसे बंद केले. वीज कमी लागतेय, पण पीयूई (सर्व्हररूमच्या वीजवापराचं माप, कमी तितका चांगला) 1.9 वरून 2.3 झालाय. साहेब म्हणतात कार्यक्षमता घसरली. काय उत्तर देऊ?

गारवा: एसी किती, सेटपॉइंट (एसीवर लावलेलं तापमान) किती?

विजेचा_हिशेब: आधी आकडे द्या. आयटी लोड, म्हणजे सर्व्हर वगैरेंना लागणारी वीज, कुठे मोजता, यूपीएसच्या आधी की नंतर? आधी मोजलात तर यूपीएसमधला लॉसही आयटीच्या खात्यात जातो आणि पीयूई उगाच चांगला दिसतो.

सर्व्हररूम_सातारा: नंतर. पूर्वी आयटी 100 किलोवॅट, एकूण 190. आता 60 आणि 138.

मुळशीकर: एवढा खटाटोप कशाला? सगळं क्लाउडवर न्या. आम्ही नेलं, सुटलो.

विजेचा_हिशेब: अहो, ते त्यांनी विचारलंच नाही. @सातारा, तुमचे 52 किलोवॅट वाचलेत, हे साहेबांना पहिल्या वाक्यात सांगा. पीयूई म्हणजे एकूण वीज भागिले आयटीची वीज. आयटी 40 ने उतरली, वरखर्च (एसी, यूपीएस लॉस वगैरे) मात्र 90 वरून 78 वरच अडकला, म्हणून भागाकार वाढला. द ग्रीन ग्रिड या उद्योगसंघटनेने 2007 मध्ये हे माप पुढे आणलं ते इमारतीच्या वरखर्चासाठी. सर्व्हर काय काम करतात हे त्यात येतच नाही. रिकामे सर्व्हर चालू ठेवले असते तर पीयूई छान दिसला असता!

ठाणेकर_ताई: पण गुगलचा तर 1.1 च्या आसपास असतो ना? मग 2.3 वाईटच की.

विजेचा_हिशेब: ताई, ती वर्षभराची सरासरी, तीही अवाढव्य सेंटरांची. एका क्षणाचे किलोवॅट आणि वर्षाची युनिटं एका पारड्यात घालू नका.

मुळशीकर: क्लाउड नको तर छतावर सोलर लावा, पीयूई झटक्यात खाली.

गारवा: बिल उतरेल हो, पीयूई नाही. सोलरची वीजही एकूणात धरावी लागते, जनरेटरचीही. @सातारा, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

सर्व्हररूम_सातारा: चार प्रिसिजन एसी (सर्व्हररूमसाठीचे खास), चारही चालू. 18 डिग्री, सेन्सर रिटर्न हवेवर, म्हणजे एसीकडे परतणाऱ्या गरम हवेवर.

गारवा: मग वरखर्च उतरणार कसा! सर्व्हर काढले तिथे रॅकमध्ये खाचा उघड्या असतील. मागची गरम हवा तिथून पुढे येते आणि शेजारचा सर्व्हर तीच ओढतो. आधी ब्लँकिंग पॅनेल (रिकाम्या खाचा झाकणाऱ्या पट्ट्या) बसवा, मग तापमान सर्व्हरच्या तोंडाशी मोजा. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीत तिथे 18 ते 27 चालतं. एक एसी आजच बंद करा.

विजेचा_हिशेब: आज नको! मीटिंगच्या आदल्या रात्री असले प्रयोग करायचे नाहीत. पॅनेल बसू द्या, वरच्या खाचांचं तापमान पाहा, मग एकेक एसी स्टँडबायवर टाका. यूपीएसचा लोडही बघा. दोन समांतर असतील तर प्रत्येकावर लोड फार कमी पडून लॉसचं प्रमाण वाढतं.

गारवा: बरं, उद्या दुपारी करा. पण करा.

सर्व्हररूम_सातारा: साहेबांना एकच आकडा हवाय. कोणता देऊ?

विजेचा_हिशेब: दर युनिटमागे झालेलं काम. डीसीईपी (डेटा सेंटर एनर्जी प्रॉडक्टिव्हिटी) म्हणतात ते हेच: उपयुक्त काम भागिले सेंटरची एकूण वीज. काम कशाला म्हणायचं ते आपणच ठरवायचं. तुमचं काम काय, बँक आहे का?

सर्व्हररूम_सातारा: हो, सहकारी बँक.

विजेचा_हिशेब: हे आधी सांगायचं! मग कोअर बँकिंगचे महिन्याचे पूर्ण झालेले व्यवहार घ्या, त्याच महिन्याच्या युनिटांनी भागा. बदलाच्या आधीचा महिना आणि नंतरचा शेजारी मांडा. फक्त मार्च घेऊ नका, वर्षअखेरीची गर्दी असते. पीयूईही खाली लिहा, लपवू नका, आणि सोबत एसीचा प्लॅन जोडा.