३० सेंटचे दोन हिरे, ग्रेड वेगळा, मग किंमत सारखी कशी?

नाशिकचा_नवखा:
मंडळी, साखरपुड्याची अंगठी करायचीय आणि हिऱ्यातलं मला शून्य कळतं. दोन सुटे दगड बघून ठेवलेत, दोन्ही राउंड, ३० सेंट (म्हणजे ०.३० कॅरेट), दोन्हीला जीआयए या हिरे तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट. पहिला ई कलर, क्लॅरिटी (स्वच्छता) व्हीव्हीएस१; दुसरा जी कलर, क्लॅरिटी व्हीएस२. कागदावर पहिला सरळसरळ वरचढ ना? पण भाव जवळपास सारखाच सांगतायत, आणि खरं सांगू का, दुकानात दुसराच जास्त चमकत होता. फसवतायत का?

बीकेसीतला_असॉर्टर:
फसवत नाहीयेत, तुम्ही रिपोर्ट अर्धाच वाचलाय. कट (घडणीचा दर्जा) काय लिहिलाय? मिमी, डेप्थ (व्यासाच्या किती टक्के खोल) आणि फ्लुरोसन्स (अतिनील उजेडात दगड चमकतो का) पण टाका.

नाशिकचा_नवखा:
पहिला कट फेअर, ४.१८-४.२० मिमी, डेप्थ ६६.८, फ्लुरोसन्स स्ट्राँग. दुसरा कट एक्सलंट, ४.२९-४.३१, डेप्थ ६१.६, फ्लुरोसन्स नन.

बीकेसीतला_असॉर्टर:
मग झालं की! वजन दोघांचं सारखं पण पहिल्याचं सगळं पोटात गेलंय, म्हणून वरून बारीक दिसतो. रफमधलं (कच्च्या हिऱ्यातलं) वजन वाचवायला दगड खोल ठेवतात, आणि मग काय होतं, वरून आत गेलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून परत डोळ्याकडे यायला हवा तो खालून-बाजूनेच निसटतो, दगड मधोमध काळपट दिसतो. तुमच्या डोळ्यांनी बरोबर सांगितलं होतं.

क्लॅरिटी, म्हणजे आतबाहेर डाग किती, ती १० पटीच्या भिंगाखाली ठरते. व्हीव्हीएस१ काय नि व्हीएस२ काय, नुसत्या डोळ्याला दोन्ही स्वच्छच. कलर डी (रंगहीन) पासून झेड (पिवळसर) पर्यंत, आणि तो बघताना आम्ही दगड पालथा ठेवून बाजूने बघतो, कारण वरून चमचमाटात पिवळेपणा लपतो. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर ई आणि जी मधला फरक विसराच. स्ट्राँग फ्लुरोसन्सवाले काही दगड उन्हात दुधाळ दिसतात, सगळे नाही, पण ई सारख्या वरच्या कलरला भाव पडतोच.

मी असतो तर डोळे झाकून दुसरा. म्हणजे डोळे उघडून 😄

रांगडा_कोल्हापुरी:
एवढं कशाला, तोंडाची वाफ मारा, लगेच उडाली की हिरा अस्सल. आमचे आजोबा असंच बघायचे.

बीकेसीतला_असॉर्टर:
दादा, त्याने फार तर काच आहे की हिरा एवढं कळेल, चांगला की वाईट ते नाही. आणि लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यावरची वाफ पण तशीच उडते, तोही कार्बनच. त्यापेक्षा हिऱ्याच्या कडेवर लेझरने रिपोर्ट नंबर कोरलेला असतो तो दुकानदाराच्या भिंगातून बघा आणि जीआयएच्या साइटवर टाकून जुळवा. अंगठीत बसवून झाल्यावर पुन्हा एकदा बघा.

मंजूताई_पुणे:
एक राहिलं. हॉलमार्क, तो एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला नंबर) वगैरे, सोन्याच्या शुद्धतेचा असतो हो, हिऱ्याशी संबंध नाही. माझ्या बांगड्यांत ३ कॅरेट हिरे, म्हणजे ०.६ ग्रॅम (१ कॅरेट ०.२ ग्रॅम), आणि सोनाराने ते वजनसुद्धा सोन्यातच धरलेलं, सोन्याच्या भावाने! दहा वर्षांनी मोडायला गेले तेव्हा कळलं. तुझ्या अंगठीत ०.०६ ग्रॅमच आहे, पण बिलावर ग्रॉस (हिऱ्यासकट) आणि नेट (नुसत्या सोन्याचं) वजन वेगळं लिहून घे.

नाशिकचा_नवखा:
ताई, हे तर कुणीच सांगितलं नव्हतं 🙏 शनिवारी परत जातोय, दोन्ही दगड दुकानाबाहेर नेऊन बघू देतील का?

बीकेसीतला_असॉर्टर:
बाहेर नाही देणार, खिडकीपाशी मागा. थेट उन्हात नको, सावलीतल्या उजेडात बघा. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचेची गोटी पण झगमगते.