वाघाचं चित्र काढून जंगल वाचतं का?

रेषाळू: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की प्राण्यांची चित्रं म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली भिंतीची सजावट, संदेशबिंदेश काही जात नाही. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. जहांगीराच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर, त्याचं मानतात ते डोडो पक्ष्याचं चित्र बघा, साधारण १६२५चं. भोवती बाकीचे पक्षी आणि मधे हा बोजड गडी निवांत उभा. पुढच्या शंभर वर्षांच्या आत डोडो जगातूनच गेला. मन्सूरला काही सांगायचं नसेलही, पण आज ते बघून पोटात कालवतं ते काय सजावट बघून?

कडू_कारलं: तो "कुणीतरी" मीच, नाव घ्या की बिनधास्त. डोडो गेल्यावर तीनशे वर्षांनी तुमच्या पोटात कालवून त्याला काय मिळालं? आणि आजची चित्रं बघा, वाघाचा नुसता चेहरा, मागे काळं. गवत नाही पाणी नाही हरीण नाही, वाघ काय हवा खाऊन जगतो? पर्यावरणच पुसून टाकलंत तर संदेश कशाचा? गिधाडाचं चित्र हॉलमध्ये लावलेलं पाहिलंय कधी? आपल्याकडची ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली, कारण सापडलं गुरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकात (ती गुरं मेली की गिधाडं खातात), आणि २००६ला बंदी आली ती मेलेली गिधाडं फाडून बघणाऱ्यांमुळे. ब्रशवाल्यांमुळे नाही.

पाणकोंबडी: काळ्या बॅकग्राउंडचं पटलं (तारीख लिहून ठेवा रे). पण अमेरिकेतला डक स्टॅम्प? १९३४पासून बदकाच्या चित्राचा स्टॅम्प निघतो, बदकांच्या शिकाऱ्याला तो घ्यावाच लागतो आणि डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागांसाठी जातात. पहिलं चित्र एका व्यंगचित्रकाराचं होतं. चित्राने जमीन विकत घेतली, अजून काय पाहिजे?

कडू_कारलं: चित्राने नाही, कायद्याने. बटाटा छापला असता तरी शिकाऱ्याने घेतलाच असता.

पाणकोंबडी: बटाट्यासाठी दरवर्षी चित्रस्पर्धा भरली असती का? शिकार न करणारेही हौसेने जमवतात तो स्टॅम्प.

कोरडा_ब्रश: मधेच घुसतो. संदेश राहू दे, आधी ब्रश कुठला वापरता ते सांगा. माझ्याकडे एक सेट होता, केस टोकाला गडद, मधे सायीसारखे, बुडाशी परत गडद. रंग असा धरायचा की बास. चार वर्षं त्याने पक्षी रंगवले, एकदा तर मुंगूस रंगवलं. मग एकाने सांगितलं की हे मुंगसाचेच केस आहेत, आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. म्हणजे मुंगसाच्या शेपटीने मुंगूस काढून खाली "वन्यजीव वाचवा" लिहिलं होतं मी!

रेषाळू: अरे देवा. मी सिंथेटिकच वापरते.

कडू_कारलं: म्हणजे नायलॉन. आणि अ‍ॅक्रिलिकचं पाणी सिंकमध्येच ओतता ना? तेही प्लास्टिकच, शेवटी माशाच्या पोटात.

रेषाळू: मग काय कोळशाने भिंतीवर काढू? तुम्ही फोनवर टायपून कुठलं जंगल वाचवताय ते तरी कळू दे. नुसतं खोट काढायला काय लागतं!!

कोरडा_ब्रश: भडकू नका हो. सेबल नावाचे ब्रशही बघा, ते कोलिन्स्की म्हणजे सैबेरियातल्या एका मुंगसासारख्या दिसणाऱ्या जनावराच्या शेपटीचे केस असतात.

खारुताई: ब्रशचा धागा वेगळा काढा की. आमच्या दारात एक वाळकं झाड होतं, त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी. सासरे म्हणत होते पडेल कधीतरी, तोडून टाकू. मी त्या ढोलीचं चित्र काढलं, साल कशी सुटलीय, तोंडाशी विष्ठेचे पांढरे ओघळ, आत दोन पिवळे डोळे, बस. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले ही आपलीच का? वाकलेली फांदी तेवढी उतरवली, खोड अजून उभं आहे. मी एक शब्द बोलले नव्हते.

कडू_कारलं: सासऱ्यांना चित्र आवडलं की सुनेची भीती वाटली? बरं, एक झाड वाचलं, दिलं तुम्हाला. पण तुम्ही ढोली काढलीत म्हणून वाचलं, नुसता पिंगळ्याचा चेहरा काढला असता तर फ्रेम करून लावला असता आणि झाड तोडलं असतं. म्हणजे माझंच म्हणणं.

रेषाळू: तुमचं म्हणणं होतं की संदेश जातच नाही. वर स्क्रोल करा.

कडू_कारलं: केलं. "सहसा" लिहायचं राहिलं.

पाणकोंबडी: 😂 स्क्रीनशॉट काढलाय.

कोरडा_ब्रश: डुकराच्या केसांचा चालतो का पण? ते पाळीव असतं ना?